लाकडी गायींचा कोंडवाडा

फार पूर्वी, डोंगर उतरून आलेल्या गाड्या जिथे पहिला मुक्काम करत, त्या पेठेत एक दुकानदार राहत असे. त्याच्या दुकानात मीठ नव्हतं, मिरची नव्हती, कापडचोपडही नव्हतं. तो फक्त खेळ विकायचा. कापडावर रंगवलेले पट, कवड्या आणि सोंगट्या. लोक त्याला शेट म्हणत. शेट म्हणण्यासारखं त्याच्याकडे फार काही नव्हतं, पण पोट मात्र होतं.

पट तो स्वतः बनवत नसे. ते बनवायची गावाच्या कडेला राहणारी एक चितारीण. नवरा गेल्यावर पट रंगवूनच तिनं एकुलत्या लेकीला वाढवलं होतं. नवा खेळ तिला सहज सुचत नसे. महिनोन् महिने ती अंगणात कोळशानं रेघा ओढायची, लेकीला समोर बसवून खेळून बघायची आणि सगळं पुसून टाकायची. एखाद्या दिवशी लेक हरायची आणि तरी हसत म्हणायची, "आई, अजून एक डाव." मग चितारीण समजायची की हा खेळ आता कापडावर उतरवायला हरकत नाही.

एकदा तिनं मांजराचा एक खेळ केला. पुरते दोन बाजारही भरले नाहीत, तोच शेजारच्या गावच्या रंगाऱ्यांनी त्याची नक्कल विकायला मांडली. त्यांचं काम सोपं होतं. पट पसरायचा, त्यावर तेल लावलेलं पातळ कापड टाकायचं, खालच्या रेघा वर दिसल्या की गिरवायच्या. असा पट मूठभर जोंधळ्याला मिळायचा.

चितारीण तो बाजार बघून आली आणि दुकानाच्या पायरीवर बसली.

"शेट, त्यांनी माझ्या मांजराला शेपूटच काढलं नाही हो."

शेटला हसावं की रडावं कळेना. "बाई, शेपटीचं सोडा. आपला पट आता घेणार कोण?"

"तेच म्हणते मी. पुढचा खेळ सुचायचा तर घरात चूल पेटलेली लागते. नाहीतर मी आपली रंगाऱ्याकडे जाते, लुगड्यांचे काठ रंगवायला. तिथे डोकं चालवावं लागत नाही."

"जाऊ नका. करतो मी काहीतरी. पुढच्या खेळाला कुणी हात लावणार नाही, हा माझा शब्द."

शब्द देऊन शेट मोकळा झाला. काय करायचं हे त्याला तेव्हा अजिबात ठाऊक नव्हतं.

पुढचा खेळ आला तो गायीचा. पटावर मोठं रान होतं. रानात नदी, नदीच्या पल्याड वाघाची घळ, आणि एका कोपऱ्यात घर. एकानं कवड्या टाकून गाय घराकडे आणायची, दुसऱ्यानं खड्यांचे वाघ करून तिची वाट अडवायची. गाय मात्र चितारणीनं पांगाऱ्याच्या लाकडाची कोरली होती. बोटाच्या पेराएवढी, एक शिंग किंचित वाकडं, आणि मान अशी वळवलेली, की कुणी हाक मारली म्हणून मागे बघते आहे. शेटनं ती तळहातावर घेतली आणि त्याला युक्ती सुचली.

त्यानं दुकानात एक फळी ठोकली आणि तिला बारके बारके कप्पे केले. पट विकायचा, पण त्याची गाय दुकानातच ठेवायची. पटाच्या कोपऱ्यात जी खूण, तीच खूण गायीच्या पोटावर. ज्याला खेळायचं असेल त्यानं पट दाखवून आपली गाय घेऊन जावी आणि दिवेलागणीच्या आत परत आणून बांधावी. नकला करणारे पट गिरवतील, पण गाय कुठून आणतील? शिवाय विकत घेणाऱ्यानं पटावर हात ठेवून शपथ घ्यायची, "या पटावर मी दुसरी गाय चालवणार नाही."

चितारणीनंही शपथ घेतली. खुणेच्या गायीवाचून एकही जादा गाय ती कोरणार नव्हती. शेटच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा पक्का बंदोबस्त त्याच्या हातून आयुष्यात प्रथमच झाला होता.

खेळ गावाला आवडला आणि सकाळी दुकानापुढे रांग लागू लागली. सगळ्यात पुढे असायचे म्हातारे अण्णा.

"शेट, आमची गाय सोडा."

"पट आणलाय का?"

"हा काय. काल आणला तोच आजही आणलाय. रात्रीत बदलतो का काय?"

"बघावं लागतं, अण्णा. दिवेलागणीच्या आत आणा बरं का."

"शेट, याच्यापेक्षा खरी गाय बरी की हो," अण्णा म्हणायचे. "संध्याकाळी आपल्या पायानं घरी येते. हिला मलाच आणून बांधावी लागते."

रांग हसायची. शेटही हसायचा. संध्याकाळी सगळे कप्पे भरलेले दिसले, की त्याचा जीव थाऱ्यावर यायचा. चितारणीला दिलेला शब्द त्याला त्या कप्प्यांत बसलेला दिसायचा.

मग एकदा मेहुणीकडे बारसं होतं म्हणून शेट दुकान बंद करून गेला. नेमके ते दिवस सणाचे. ज्यांनी पट विकत घेतले होते ते दाराशी येऊन परत गेले. शेट आला तेव्हा अण्णा पायरीवर काठी टेकून बसले होते.

"काय शेट, आमच्या गायींना कोंडवाड्यात घातलंत? कुणाच्या शेतात शिरल्या होत्या?"

तेव्हापासून दुकानाचं नाव कोंडवाडा पडलं. शेटला ते लागलं, पण मनाशी तो म्हणाला, चालायचंच. चोरापासून राखायचं म्हणजे थोडी अडचण होणारच.

त्याच वर्षी चितारणीच्या लेकीचं लग्न ठरलं, खाडीकडच्या एका गावात. रुखवतात लाडू होते, करंज्या होत्या, भरतकामाचे रुमाल होते आणि मधोमध गायीचा पट होता. लेकीनंही इतरांसारखा पटावर हात ठेवून शपथ घेतली.

लग्नाच्या आदल्या दिवशी चितारीण दुकानात आली. पदराशी चाळा करत उभी राहिली.

"शेट, लेक चालली."

"हो बाई. चांगलं घर मिळालं."

"तिच्या पटाची गाय... द्याल का? तिकडून ती रोज कशी येईल न्यायला?"

शेट कप्प्यांकडे बघत राहिला. खूण त्याला लगेच दिसली, हातही वर गेला, आणि तिथेच थांबला. "बाई, तुम्हाला दिली तर उद्या अण्णा मागतील. परवा सगळी रांग मागेल. एक दोर सुटला की सगळा गोठा मोकळा. मग ते रंगारी आहेतच टपलेले."

"पण कोंडल्यात त्या माझ्यासाठीच ना?"

"तुमच्यासाठीच म्हणून तर!"

आपण एकमेकांच्या बाजूचे असून असं समोरासमोर का उभे आहोत, हे दोघांनाही उमगेना.

"मी दुसरी कोरून दिली असती," चितारीण हळूच म्हणाली, "पण मीच शपथ मोडली तर बाकीच्यांनी कशाला पाळायची?" आणि ती घरी गेली. लेक सासरी गेली. तिची गाय कप्प्यात मान वळवून बसून राहिली.

पावसाळा सरला तेव्हा शेट कवड्या खरेदीला खाडीकडे निघाला. आलोच आहे तर चितारणीच्या लेकीला भेटून जावं, म्हणून त्यानं गाडी तिच्या सासरच्या गावाकडे वळवली.

लांबूनच त्याला ओसरी दिसली. ओसरीवर पट मांडला होता. लेक, तिची सासू आणि नणंद, तिघी पटाभोवती बसल्या होत्या आणि ओरडत होत्या, "गेली, गेली, नदीत गेली!" रान ओळखीचं, घळ ओळखीची. शेटचा ऊर भरून आला. आपल्या पेठेचा खेळ इथवर पोचला!

तो जवळ गेला आणि पायरीवरच थबकला. पटाचा रंग फुटला होता. नदी नदीसारखी नव्हती, गांडुळासारखी होती. कोपऱ्यातल्या घराला दार नव्हतं. आणि रानाच्या मधोमध, वाघांच्या घोळक्यात, गाय म्हणून उभा होता एक चिंचोका.

लेकीनं वर पाहिलं. तिचा चेहरा पडला. "काका!"

शेटच्या तोंडून भलतंच निघालं. "तू? तू नकलेच्या पटावर खेळतेस? तुझ्या आईचा पट कुठाय?"

"आहे ना. उतरंडीशेजारी पेटीत आहे, घडी करून."

"मग तो का नाही काढलास?"

"कसा काढू, काका? त्याची गाय तुमच्याकडे. दुसरी चालवायची नाही अशी शपथ घेतलीय मी. या पटावर शपथ नाही, म्हणून यावर चिंचोका चालतो."

पोरगी एक अक्षर खोटं बोलत नव्हती. त्यानंच घातलेली शपथ तिनं जशीच्या तशी पाळली होती. आईनं अंगणात रेघा ओढल्या तेव्हा जी समोर बसून हरली होती, तीच आता आईच्या खेळाची चोरलेली नक्कल खेळत होती, आणि तिचं वागणं सरळ होतं. मग वाकडं काय होतं?

सासूबाईंनी पदर सावरला. "तुम्हीच का ते, गाय माहेरी बांधून ठेवणारे?"

"मीच."

"अहो, सून रुखवतात पट घेऊन आली. मी म्हटलं, गाय कुठाय गं? म्हणे माहेरी. मी म्हटलं, मग पटही माहेरीच ठेवायचा होतास, इथे काय त्याची पूजा करायचीय? बाजारातून हा आणला तेव्हा कुठे घरात खेळ झाला. बसा, ताक घ्या."

शेटनं ताक घेतलं. ते आंबट होतं की गोड, हे त्याला कळलं नाही. निघताना लेक गाडीपर्यंत आली.

"काका, आईला सांगू नका. मी या पटावर खेळते, याचं तिला फार वाईट वाटेल."

"नाही सांगत," शेट म्हणाला.

वाटभर बैलांच्या घुंगरांबरोबर शेटच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. ज्यांनी मोल दिलं ते रांगेत उभे राहतात. ज्यांनी दिलं नाही ते ओसरीवर बसून हसतात. कप्पे केले चोरांसाठी, पण आजवर एकही चोर त्या कप्प्यांपाशी आला नाही. येतात ते अण्णा. बरं, चोराला गाय लागतही नाही, चिंचोका पुरतो. मग राखतो तरी आपण काय?

कप्पे मोकळे करावेत असं त्याला वाटे, आणि दुसऱ्याच क्षणी भीती वाटे. नकला किती झाल्या त्या डोळ्यांना दिसत होत्या. पण कप्प्यांमुळे किती नकला झाल्या नाहीत, हे कुठे जाऊन बघायचं? निम्मे लोक फक्त गायीसाठीच आपल्याकडे घेत असतील तर? गाय हातात मिळाली की तेही रंगाऱ्याकडे वळले तर? मग चितारीण काठ रंगवायला जाणार, आणि ते आपल्यामुळे होणार. न झालेली गोष्ट मोजायची कशी, हे त्याला कुणीच शिकवलं नव्हतं.

गावात येताच तो चितारणीकडे गेला. ती ओट्यावर रिकाम्या कापडासमोर बसली होती. कापडावर रेघ नव्हती.

"या शेट. लेक बरी आहे ना?"

"बरी आहे. सासू तोंडानं फटकळ आहे, पण मनानं चांगली दिसली."

"आणि पट? खेळतात का घरात?"

शेटनं खाली बघितलं. "तुमचा पट पेटीत आहे. घडी करून. गायीवाचून कसा काढणार?"

चितारणीनं समोरच्या कोऱ्या कापडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे मी तो इतके महिने बसून केला तो पेटीत ठेवायला."

"बाई, मी गायी सोडू का? खरं सांगा. सोडल्या आणि सगळेच नकला घ्यायला लागले तर तुमची चूल विझेल. नाही सोडल्या तर... मला काही सुधरत नाही. तुम्ही म्हणाल तसं करतो."

"मला तरी काय कळतंय, शेट? आपल्यात हिशेबी तुम्ही. मला एवढंच समजतं, की घडी घातलेल्या पटावर रंग असला काय आणि नसला काय. चूल विझली तर काठ रंगवीन. पण पेटीत ठेवायला मी पुन्हा पट करणार नाही. हे कापड बघा, सकाळपासून कोरं आहे. हात चालत नाही."

शेट घरी गेला. त्याला जेवण गेलं नाही. सकाळी रांग लागली तशी त्यानं सगळे कप्पे रिकामे केले आणि गायी सुपात ओतून ओट्यावर मांडल्या.

"आपापली गाय ओळखा आणि घेऊन जा. परत आणू नका."

कुणी पुढे येईना. अण्णांनी सुपात वाकून पाहिलं. "का हो शेट? रोग आलाय का गायींना?"

"नाही अण्णा. तुमची आहे, घेऊन जा."

"आणि शपथ?"

"सुटली."

अण्णांनी गाय बंडीच्या खिशात टाकली. दोन पावलं जाऊन परत आले. "उद्या मागणार नाही ना?" शेटनं मान हलवली, तरी ते मागे बघत बघत गेले. लेकीची गाय शेटनं फडक्यात गुंडाळून खाडीकडे जाणाऱ्या गाडीवानाच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. शेट रिकाम्या कप्प्यांवरची धूळ झटकत बसे. शेजारच्या बाजारात तर रंगाऱ्यांनी आता मातीची गायही करून विकायला ठेवली. ती बकरीसारखी दिसत होती, पण विकली जात होती. ते पाहून आल्यावर शेट दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. आपण शब्द मोडला, बाईंचं नुकसान केलं, असं त्याला वाटत राहिलं.

मग एक गिऱ्हाईक आलं. त्यानं पट उलटून पाहिला, गाय हातात घेतली आणि विचारलं, "ही पण बरोबर मिळते म्हणे आता?" दोन दिवसांनी आणखी एक आलं. पाठोपाठ फार लोक आले असं नाही, पण येत राहिले. चितारणीच्या कोऱ्या कापडावर एक रेघ उमटली, मग दुसरी. ती काठ रंगवायला गेली नाही.

रंगाऱ्यांच्या नकला बंद झाल्या का? नाही. आधीपेक्षा वाढल्या की घटल्या? शेट सांगू शकला नाही. कप्पे तसेच ठेवले असते तर जास्त पट विकले गेले असते का, हेही त्याला शेवटपर्यंत समजलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर एक बैलगाडी दुकानाशी थांबली आणि लेकीच्या सासूबाई खाली उतरल्या.

"गायीचा एक पट द्या. धाकटीचं लग्न ठरलंय, रुखवतात ठेवायचाय. खरा द्या, नदीला पाणी असलेला."

शेटनं पट काढला, त्यावर गाय ठेवली. त्याला राहवेना. "मावशी, एक विचारू? राग मानू नका. नकलेचा पट तुमच्याकडे होताच. तो धाकटीला दिला असता तर चाललं असतं. मग माझ्याकडे विकत घ्यायला का आलात? आणि यायचंच होतं तर तेव्हाच का नाही आलात?"

सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या वेड्या पोराकडे बघावं.

"अहो, तेव्हा तुम्ही विकत होता कुठे? मोल घेत होता आणि गाय ठेवून घेत होता. विकायला तर तुम्ही आत्ता बसलात."

त्यांनी गाय पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली, पट काखेत घेतला आणि गाडीत जाऊन बसल्या. शेट दुकानाच्या दारात उभा राहिला. गाडी वळणाआड गेली तरी तो उभाच होता.

तात्पर्य: ज्याला चोरायचं असतं त्याला आपला बंदोबस्त अडवत नाही. जो दिलेला शब्द पाळतो तोच त्यात अडकतो. म्हणून विकलेली वस्तू पुरती देऊन टाकावी, मनात भीती असली तरी.